अर्धा किलो कोणाचा

माझी नात अफरीन धुळ्यात आमच्याकडे राहते, देवपूरला. तिचे आईवडील भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. ती कॉलेजसाठी आली आणि कॉलेज संपलं तरी राहिली, कारण देवपुरातच दोन खोल्यांच्या एका छोट्या कंपनीत तिला काम मिळालं. कंपनी म्हणजे चार माणसं, सहा कॉम्प्युटर आणि एक चहाचा थर्मास. थर्मास आमच्या घरचा आहे.

त्या आठवड्यात तिनं काम घरीच आणलं. जेवणाच्या टेबलावर तीन यंत्रं मांडली. एक गेटवर लावायची पेटी, एक लॅपटॉप आणि एक मोबाइल. नरडाण्याला मक्याचा एक कारखाना आहे, हे काम त्यांचं. शेतकऱ्याचा मका गेटवर येतो, काट्यावर चढतो, मग ओलावा मोजतात. चौदा टक्के ओलावा चालतो. त्याच्या वर जितके टक्के, तितके किलो दर क्विंटलमागे वजा. उरेल ते पक्कं वजन. हा आकडा गेटवरच्या पेटीनं काढायचा, ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं काढायचा आणि शेतकऱ्याच्या मोबाइलनंही काढायचा. तिघांचा आकडा एकच यायला हवा.

"एवढ्याशा वजाबाकीला चार माणसं?" मी विचारलं.

"तीन, नाना. चौथे मालक आहेत," अफरीन म्हणाली.

गुरुवारी कारखान्यात चाचणी होती. चाचणी पास झाली तर तीन वर्षांचं काम मिळणार आणि कंपनी तगणार. नाही झाली तर अफरीन एक तारखेला पुण्याला जाणार. पुण्याच्या कंपनीचं पत्र तिच्या फोनमध्ये येऊन पडलं होतं आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. माझी बायको जरीना सगळ्यांसमोर म्हणायची, जाऊ दे पोरीला, तिथं तिचं भलं होईल, आणि मग आत जाऊन भांडी जरा जोरातच ठेवायची. मी काही म्हणत नव्हतो. म्हाताऱ्यानं विचारल्याशिवाय बोलू नये असं माझं मत आहे, आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

सोमवारी स्वप्नील आला. हा तिच्याबरोबर काम करतो, शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. गेटवरच्या पेटीचं काम त्यानं केलेलं. लॅपटॉपचं अफरीननं. मोबाइलचं काम रूपा नावाच्या मुलीनं केलं होतं, ती लग्न होऊन सुरतेला गेली, पण कंपनीच्या मोजणीत अजून होती. तिघांनी तीन वेगळ्या भाषांत लिहिलेलं. सी, पायथन आणि जावास्क्रिप्ट अशी नावं त्यांनी मला सांगितली. स्वप्नीलनं बटणं दाबली. चालू झाल्यावर प्रत्येक यंत्र आधी स्वतःची तपासणी करायचं, जरा वेळ थांबायचं आणि मग हिरव्या अक्षरांत लिहायचं, "सर्व ठीक".

"बठ्ठं ठीक शे, नाना," स्वप्नील अहिराणीत म्हणाला. "मशीन सोताच सांगस."

मी धुळ्यात चाळीस वर्षं काटे दुरुस्त केले. चौथ्या गल्लीत दुकान होतं, अजून पाटी आहे. इतक्या वर्षांत एकाही काट्यानं मला स्वतःहून सांगितलं नाही की मी खोटा आहे.

"बाराशे पंचवीस किलो टाक," मी म्हणालो. "ओलावा सोळा."

"हजार टाकू ना, सोपं जाईल."

"गोल आकड्यावर सगळेच काटे खरं बोलतात. पंचवीस टाक."

त्यानं टाकलं. पेटी म्हणाली १२००. लॅपटॉप म्हणाला १२००. मोबाइल म्हणाला १२०१.

"मोबाइल चुकला," स्वप्नील खुशीत म्हणाला. रूपा सुरतेला होती, ती काही ऐकत नव्हती.

"आता बाराशे पंचाहत्तर टाक."

पेटी १२४९. लॅपटॉप १२५०. मोबाइल १२५०. स्वप्नीलनं पेटी उचलून खालून बघितली, जणू एक किलो तिथंच कुठंतरी चिकटला असेल. तिन्ही यंत्रांवर हिरवी अक्षरं तशीच होती. सर्व ठीक.

अफरीननं कपाळाला हात लावला. मग कागद घेऊन मला समजावून सांगितलं. बाराशे पंचवीसचे दोन टक्के साडेचोवीस. वजा केले की उरतात बाराशे आणि वर अर्धा किलो. या अर्ध्याचं काय करायचं ते प्रत्येक भाषा आपल्या मनानं ठरवते. पेटीतला हिशोब पॉइंटच्या पुढचं सगळं टाकून देतो. मोबाइल अर्ध्याला वर ढकलतो. आणि तिचा लॅपटॉप, जवळचा सम आकडा ज्या बाजूला असेल त्या बाजूला जातो, कधी वर, कधी खाली.

"म्हणजे दोन्हीकडच्या पंगतीत जेवणारा," मी म्हणालो.

"तसंच समजा."

"मग तपासणीत हे सापडलं कसं नाही?"

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "कारण तपासणीतलं बरोबर उत्तरही आम्ही त्याच भाषेकडून काढून घेतलंय. पायथनला विचारलं, तुझं उत्तर काय. मग तेच उत्तर ठेवून विचारलं, बरोबर का. तो म्हणाला, बरोबर."

जरीना आतून हात पुसत आली. "हे तर तुझ्या नानांचं झालं," ती म्हणाली.

"जरीना, तिला काम करू दे."

"कामाचंच सांगते. बेटा, हे चाळिशीचे झाले तेव्हा साक्षरता वर्गाला जायला लागले. दुकानाचा परवाना घ्यायचा तर अर्ज वाचता यायला हवा. मी उर्दू शाळेत चौथी पास, मराठी आधीपासून वाचायची. रोज संध्याकाळी मी यांचा धडा मोठ्यानं वाचायची, हे ऐकायचे. मग पुस्तक समोर धरून स्वतः धडधडा वाचायचे. बोट अक्षरांवर, जबान घोड्यावर. स्वतःच विचारायचे, झालं ना बरोबर? स्वतःच सांगायचे, एकदम बरोबर. आठवड्यात सगळं पुस्तक झालं."

"मग?" स्वप्नीलनं खुर्ची पुढे ओढली.

"मग मंजुळाबाई म्हणून वर्गाच्या बाई होत्या. त्यांनी पान उलटलं तरी हे आधीच्याच पानावरचं वाचत राहिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी एक कागद आणला. त्यावर दवाखाना, मीठ, बस, असले दहा शब्द. पुस्तकातला एकही नाही. सगळ्या वर्गाला तोच कागद."

"नानांना किती मिळाले?"

"बस ओळखली," जरीना म्हणाली. "बाहेर उभी होती."

स्वप्नील इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मी उठून आत गेलो. रागानं नाही. पलंगाखाली माझी वजनांची पेटी आहे, ती ओढून आणली. सागवानी पेटी, आत मखमल, आणि मखमलीच्या खाचांत पितळी वजनं, दोन किलोपासून एका ग्रॅमपर्यंत.

अफरीन तोवर स्वप्नीलशी बोलत होती. तिन्ही तपासण्या मिळून प्रोग्रामच्या हजारावर ओळी झाल्या होत्या. लॅपटॉपच्या सहाशे, पेटीच्या चारशे, आणि मोबाइलच्या किती ते रूपा गेल्यापासून कोणी उघडून पाहिलं नव्हतं. एकीत काही बदललं की बाकी दोघींत आठवणीनं बदलायचं, आणि आठवण राहायची नाही. स्वप्नीलचं म्हणणं होतं की एक चौथा प्रोग्राम लिहावा, तो तिघांना विचारील आणि दोघे म्हणतील ते खरं मानील.

"आणि दोघे मिळून खोटं बोलले तर?" मी वजनांची पेटी टेबलावर ठेवली. "साक्री, शिरपूर, पारोळा, सगळीकडे मी काटे तपासायला जायचो. सोनाराचा छोटा तराजू, किराण्याचा काटा. प्रत्येकाची वजनं त्याच्या दुकानातून घ्यायचो का? पेटी ही एकच. काटा कोणत्या कंपनीचा, आत स्प्रिंग आहे की दांडी आहे, पेटीला काय त्याचं. किलो ठेवला तर किलो दाखव, नाही तर उघड तुझं झाकण."

अफरीन पेटीकडे बघत राहिली. मग तिनं कोरा कागद ओढला आणि तीन रकाने आखले. वजन, ओलावा, बरोबर उत्तर.

"एकच तक्ता," ती म्हणाली. "साधे आकडे, कोणत्याच भाषेतले नाहीत. तिन्हीकडे तपासणीचा दहा-दहा ओळींचा प्रोग्राम. तक्त्यातली ओळ वाच, हिशोब कर, उत्तर जुळतं का बघ. बाकी सगळं पुसून टाकायचं."

"माझ्या चारशे ओळी?" स्वप्नील म्हणाला. "लई भारी होत्या त्या."

"मेलेली म्हैस मणभर दूध देते," जरीना म्हणाली.

प्रश्न राहिला, उत्तरं कोण काढणार. ज्यानं हिशोबाचा प्रोग्राम लिहिला त्यानं तक्त्यातलं उत्तर लिहायचं नाही, असा नियम अफरीननं तिथल्या तिथं केला. दुसरा नियम असा, की तक्त्यातली ओळ बदलायची तर ज्यानं लिहिली त्यानंच. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पेन्सिल आणा.

"आधी हे सांगा," अफरीन म्हणाली. "अर्धा किलो कोणाचा? ते यंत्रानं ठरवायचं नाही, आपण ठरवायचं."

आमच्या धंद्यात याला रीत आहे. जुन्या काट्याचं तोंड दुकानदाराकडे असायचं. माल घेऊन आलेला माणूस पलीकडे उभा, त्याला काट्याची पाठ दिसायची. काटा दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबला, तर ज्याला तो दिसत नाही, अर्धा त्याचा. माझ्या उस्तादांनी मला हे शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी.

"म्हणजे शेतकऱ्याचा," स्वप्नील म्हणाला. तो एकदम सरळ बसला होता.

"तक्त्याच्या वर लिही," मी अफरीनला सांगितलं.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी चोवीस ओळी काढल्या. मंगळवारचा पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी अफरीननं तक्ता तिन्ही यंत्रांत घातला आणि बटणं दाबली. हिरवं गेलं, लाल आलं. पेटीच्या अकरा ओळी चुकल्या. लॅपटॉपच्या पाच. मोबाइलची एक.

"रूपाची फक्त एक?" स्वप्नील म्हणाला.

"सुरतेला कळवू नका," अफरीन म्हणाली.

मला बरं वाटलं. तिन्ही यंत्रं आता खरं बोलायला लागली होती. बुधवारी दुपारपर्यंत दोघांनी आपापल्या चुका दुरुस्त केल्या. फार वेळ लागला नाही, कुठली ओळ चुकते ते समोर दिसत होतं. तिन्हीकडच्या ओळी भराभर हिरव्या झाल्या. फक्त सतरावी राहिली. मोबाइलची जी एक लाल होती, तीच. ती तिन्हीकडे लाल होती.

सतरावी ओळ अशी. वजन १२३०, ओलावा सोळा. मी उत्तर लिहिलं होतं १२०६. तिन्ही यंत्रं म्हणत होती १२०५.

"नाना," अफरीननं हळूच म्हटलं, "ही ओळ परत बघता का?"

"चाळीस वर्षं काटे बघितले मी."

"तिघांचं एकच उत्तर येतंय."

"परवाही तिघांचं एकच उत्तर येत होतं. सर्व ठीक."

स्वप्नील अफरीनच्या कानाशी म्हणाला, "तिघांना सांगून टाकू का, फक्त बाराशे तीस आलं की बाराशे सहा म्हणायचं? नाना खूश, तक्ता हिरवा." अफरीननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो थर्मास भरून आणायला उठला.

"ओळ मी बदलणार नाही," ती मला म्हणाली. "नियम आपणच केलाय. पण लाल ओळ घेऊन उद्या नरडाण्याला जाता येणार नाही, नाना. मग फोन करून सांगावं लागेल की आमचं झालं नाही."

एवढं बोलून ती लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेली. मी टेबलाशी बसून राहिलो. समोर वजनांची पेटी, तिच्या शेजारी कॅलेंडर. भिंतीवरच्या चालू कॅलेंडरात नोव्हेंबर संपत आला होता. पुढच्या पानावर पुण्याची ती एक तारीख होती.

जरीनानं माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "पाठ म्हणू नका," ती म्हणाली. "वाचून करा."

मी केलं. बाराशे तीसचे दोन टक्के चोवीस पॉइंट सहा. वजा केले की बाराशे पाच पॉइंट चार. अर्धा नाही. अर्ध्याला कमी. पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. मग मला आठवलं. मंगळवारी दुपारी मी ही ओळ लिहिली तेव्हा पॉइंट चार मला दिसला होता. चांगला दिसला होता. पण इतकी वर्षं पारडं थोडं झुकवून सोडायची हाताला सवय. मनानं विचारायच्या आत हातानं अख्खा किलो देऊन टाकला होता.

मी गच्चीवर गेलो. अफरीन फोन हातात घेऊन बसली होती.

"बाराशे पाच," मी म्हणालो. "मी जास्त दिलं."

तिनं फोन खाली ठेवला. हसली नाही, ते बरं केलं. खाली येऊन मी माझ्या हातानं तक्त्यातला सहा काढून पाच केला आणि तिन्ही यंत्रं हिरवी झाली.

"म्हणजे वजनाची पेटीच खोटी निघाली," जरीना म्हणाली.

"वजनंसुद्धा दर काही वर्षांनी सरकारी कचेरीत नेऊन तपासून घ्यावी लागतात," मी म्हणालो. "त्यात लाज नाही."

"मग तुम्हाला कधी नेऊ?"

गुरुवारी आम्ही तिघं एसटीनं नरडाण्याला गेलो. मी जाऊ नये असं कोणी म्हणालं नाही, पण तोंड उघडणार नाही असं जरीनानं माझ्याकडून वदवून घेतलं. गेटवर मक्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. गेटचं काम बघणारे प्रेमराजसाहेब काट्याच्या खोलीत बसले होते. त्यांनी मला ओळखलं. त्यांच्या काट्याचं झाकण मी दोनदा उघडलेलं आहे.

"अमीनभाई, तुम्ही पण कॉम्प्युटर शिकलात?"

मी नुसती मान हलवली. कशीही समजावी अशी.

पहिला ट्रॅक्टर चढला. मका २८७५ किलो, ओलावा सोळा. पेटी म्हणाली २८१८. ऑफिसात फोन केला, तिथूनही २८१८. ट्रॅक्टरवाल्याच्या मोबाइलवर २८१८. अफरीननं श्वास सोडलेला मला ऐकू आला. पण प्रेमराजसाहेबांनी खिशातून स्वतःचं कॅल्क्युलेटर काढलं.

"माझं येतं दोन हजार आठशे साडेसतरा," ते म्हणाले. "तिघं मिळून ठरवून बोलतात की काय? अर्धा किलो कुठून आला?"

अफरीननं तक्त्याचा कागद पुढे केला. त्यांनी वरची ओळ वाचली. अर्धा किलो शेतकऱ्याचा.

"हे कोणी ठरवलं?"

स्वप्नील बुटांकडे बघायला लागला. मी छताकडे बघत होतो.

"आम्ही ठरवलं, साहेब," अफरीन म्हणाली. "कोणीतरी ठरवायला हवं होतं. आधी तीन यंत्रं तीन प्रकारे ठरवत होती."

"अर्धा कारखान्याचा करा."

"करता येईल. या एका तक्त्यात बदललं की तिन्ही यंत्रं लाल होतील, आणि तासाभरात आम्ही ती हिरवी करून देऊ. फक्त वरची ओळ तुमच्या हातानं लिहून सही करा. हा तक्ता गेटवर लावायचा आहे. साधे आकडे आहेत, ज्याला वाचता येतं तो आपलं वजन त्यात पडताळून बघेल."

प्रेमराजसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. खिडकीतून रांगेकडे पाहिलं. चौदा ट्रॅक्टर होते, आणि पहिल्या चार-पाचांचे मालक खाली उतरून खिडकीशीच उभे होते. साहेबांनी पेन कागदापाशी नेलं, जरा थांबले, मग कागद खाली सरकवून तक्त्याच्या शेवटी, जिथं चाचणी मान्य असं छापलं होतं, तिथं सही केली.

"अर्ध्या किलोसाठी कोण हात काळे करील," ते म्हणाले आणि टोपण लावलं.

बाहेर चहाच्या टपरीवर अफरीननं फोन काढला आणि बराच वेळ काहीतरी टाइप केलं. मग माझ्याकडे वळली.

"नाना, एक विचारायचं राहिलंच. जाऊ का पुण्याला?"

"आत्ता विचारतेस?"

"उत्तर पाठवून टाकलंय. पण तुमचं मत ऐकायचंय."

"मग माझंही मत तेच," मी म्हणालो.

"कोणतं?"

"जे पाठवलंस ते."

ती इतकी हसली की टपरीवाल्यानं वळून बघितलं. स्वप्नीलला मात्र हसू येत नव्हतं. पुण्याचं काय झालं ते त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. जात नाही असं तिनं सांगितल्यावर त्यानं स्वतःच्या खर्चानं तिघांसाठी भजी सांगितली. असं पूर्वी कधी झालेलं नाही असं अफरीन म्हणते.

तोवर गेटच्या भिंतीवर तक्त्याची झेरॉक्स लागली होती. मघाचा ट्रॅक्टरवाला एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होता. मला बरं वाटलं, म्हणून मी जरा जवळ गेलो. त्याचं बोट सतराव्या ओळीवर थांबलं. तिथं उत्तराच्या शेजारी बारीक अक्षरांत अफरीननं काहीतरी लिहून ठेवलं होतं. ते मी घरून निघताना पाहिलं नव्हतं.

त्यानं मोठ्यानं वाचलं. "बाराशे पाच. आधी नानांनी बाराशे सहा लिहिलं होतं."

मग त्यानं सगळ्यांकडे वळून विचारलं, "हाऊ नाना कोन शे? एक किलो जास्ती देत व्हता."

स्वप्नीलनं भजी तोंडात असतानाच माझ्याकडे बोट दाखवलं. ट्रॅक्टरवाला माझ्याकडे आला, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि पुढच्या वर्षी तक्ता तुम्हीच लिहा म्हणाला.